आत्याबाईचं गाणं आणि आनंदरावांचा प्रोसेसर

आनंदराव गजभिये टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण हातातला स्क्रूड्रायव्हर काही सुटला नाही. नागपुरात हुडकेश्वरच्या भागात कोणाच्या कूलरचा पंप बंद पडला की माणसं मिस्त्रीच्या आधी त्यांना हाक मारायची. बिघडलेली वस्तू चालू करून त्यांचं भागत नसे. चालू असलेली वस्तू आणखी चांगली चालली पाहिजे, असं त्यांना वाटायचं. त्यांची बायको प्रेमिला म्हणायची, "यांले चालू पंखाही उघडून पाहावं वाटते."

लेक नंदिनी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप बाबांना दिला. जाड, काळा, पाट्यासारखा जड. त्यावर ते आवाज रेकॉर्ड करायला आणि कापून जोडायला शिकले. विहारातल्या कार्यक्रमांची भाषणं, पोरींची गीतं, सगळं त्यांच्याकडे जमा होऊ लागलं. आणि मग त्यांना सिंधूआत्याचं गाणं आठवलं.

सिंधूताई ही त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. कुहीच्या पुढच्या एका गावात, धानाच्या बांध्यांत तिचा जन्म गेला. छप्पन साली त्या गावातल्या बाया पायी नागपूरला धम्मदीक्षेला गेल्या, तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोरगी होती. परत आल्यावर तिच्या आईनं, म्हणजे आनंदरावांच्या आजीनं, त्या वाटेवरचं गाणं बांधलं. कोण कोण निघालं, कोणाच्या डोक्यावर शिदोरी होती, पांढरं लुगडं कोणी कोणाकडून मागून आणलं, पाणी कुठे प्यायल्या, सगळं त्यात होतं. प्रत्येक बाईचं नाव होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया वाकून ते म्हणायच्या. पुढे त्या बाया एकेक करत गेल्या, आणि अख्खं गाणं फक्त सिंधूताईजवळ उरलं. कागदावर ते कोणी कधी उतरवलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती डोळे दाखवायला नागपूरला आली आणि भाच्याकडे उतरली. आनंदरावांनी पुढची खोली बंद केली, कूलर बंद केला, पंखाही बंद केला. माइक तिच्यासमोर ठेवला. घामानं निथळत म्हातारी गाऊ लागली.

"पुढं चालली बयना, मागं चालली ठकी,
तानीच्या कडेवर लेक वं बाई, वाट सरंना..."

आवाज जुना होता पण तुटत नव्हता. तुटत होतं ते रेकॉर्डिंग. मध्येच खट्ट व्हायचं, अर्धा शब्द गिळला जायचा. आनंदरावांनी तिला थांबवलं, पुन्हा गायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता बस झालं गा आनंदा. घसा सुकला."

"आत्याबाई, याचा प्रोसेसर जुना झाला. त्याले झेपून नाही राहिलं. मी तो बदलवतो, मंग आपण आरामात बसू."

"बदलव न. मी कोठी चालली?" म्हातारी म्हणाली आणि पंखा लावायला सांगितला.

नंदिनीचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, मोबाईलवर काहून नाही घेतलं?"

"मोबाईलवर डब्यात बोलल्यावाणी येते. एकदाचं करायचं तर चांगलं करू."

आत्या गावी गेल्यावर त्यांनी ती तिन्ही रेकॉर्डिंग्ज एकदा ऐकली. खटखट ऐकून त्यांचं डोकं उठलं. शेवटी चांगलं होणारच आहे, मग हा कचरा कशाला, म्हणून त्यांनी ती पुसून टाकली. त्या वेळी त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

मग प्रोसेसरची धावपळ सुरू झाली. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून जुनाच पण वरच्या दर्जाचा प्रोसेसर आणला, तर त्याच्या पिना बसेनात. दुसरा आणला, तो बसला, पण पडदा काळाच राहिला. मग जुना परत लावून लॅपटॉपच्या आतलं सॉफ्टवेअर नवं केलं, पुन्हा सगळं खोललं, नवा बसवला. लॅपटॉप सुरू झाला. पण थोड्या वेळात तव्यासारखा तापून आपोआप बंद पडू लागला. तापलेल्या प्रोसेसरला थंड ठेवणारी तांब्याची नळी त्यांनी एका भंगार लॅपटॉपमधून काढून आणली, घासूनपुसून लावली. पावसाळा गेला, दसरा गेला. खरं सांगायचं तर या कामात ते रमले होते. सकाळचा चहा झाला की चष्मा कपाळावर चढवून ते टेबलाशी बसायचे, आणि प्रेमिलानं हाक मारली तरी त्यांना ऐकू जायचं नाही.

मधूनमधून सिंधूताई सुनेच्या मोबाईलवरून फोन करायची.

"झालं काय गा तुहं मशीन?"

"होऊन राहिलं आत्याबाई. थोडं तापते, तेवढं राहिलं."

दिवाळीनंतरच्या एका फोनमध्ये ती फार खुशीत होती. "आनंदा, त्या गाण्यातल्या एका बाईचं नाव मी इसरली होती. त्या जागी मी नुसती 'वं बाई' म्हणून वेळ मारून नेत होती. काल भांडे घासता घासता आठवलं पाह्य. म्हणून पाह्यलं, बराबर बसलं. येऊ काय मी नागपूरले?"

आनंदरावांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात तो उघडा लॅपटॉप. "आता नोको येऊ. आठ-पंधरा दिवस थांब. ते नाव रेकॉर्डिंगच्या वेळीच सांगजो, ताजं राहीन."

"बरं," ती म्हणाली.

लॅपटॉप खरंच छान झाला. आनंदरावांनी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून पाहिलं, एकही खट्ट नाही. ते आत्याला कळवणार, तोच कुहीहून फोन आला. सिंधूताईला लकव्याचा झटका आला होता. तिला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. आनंदराव रोज तिच्या खाटेशी बसले. उजवा हात थोडा हलायला लागला, ओळख होती, हसू होतं. जीभ मात्र वळली नाही.

ती घरी गेल्यावर ते लॅपटॉप घेऊन गावी गेले. का नेला, हे त्यांना सांगता आलं नसतं. पिशवीतून तो निघालेला पाहताच म्हातारीनं डाव्या हातानं खाट थोपटली आणि सुनेला उठवून बसवायला लावलं. तिनं गायला सुरुवात केली. चाल जशीच्या तशी आली, शब्द तोंडातच कालवले गेले. सून रोवणीत तिच्या शेजारी राबलेली होती. तिला काही ओळी येत होत्या. ती एकेक ओळ म्हणायची, आणि म्हातारी मान हलवून हो-नाही सांगायची. असं करत बयना, ठकी, तानी, आणखी काही नावं मिळाली. मग ती जागा आली. सिंधूताई थांबली, तोंड वेडंवाकडं करून काहीतरी म्हणाली.

"कौसल्या? काशी? अंजना?" आनंदराव विचारत राहिले.

प्रत्येक नावाला तिनं मान हलवली, नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लॅपटॉपनं सगळं स्वच्छ टिपलं होतं, अंगणातल्या कोंबड्यांसकट.

फाल्गुनात ती गेली.

तिच्या मातीहून घरी आल्यावर आनंदराव प्रेमिलाला म्हणाले, "तिनं फोनवर आपणहून सांगतलं होतं वं. नुसतं विचारलं असतं, काय नाव होय, तर सांगून मोकळी झाली असती. मी मशीन पाहून राहिलो होतो."

 प्रेमिलानं त्यांच्यासमोर ताट ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं नाही, पण जेवलेही नाहीत.

त्यानंतर ते त्या गावी दोन-तीनदा जाऊन आले. छप्पन साली तिथून कोण कोण बाया निघाल्या होत्या, हे घराघरांत विचारत फिरले. कोणी चहा दिला, कोणी भिंतीवरचे जुने फोटो काढून दाखवले. कोणाला आपल्या आजीचं नाव माहीत होतं, पण ती त्या वाटेनं चालली होती की नाही, हे माहीत नव्हतं. शेवटच्या घरी देवराव नावाचा म्हातारा ओसरीत बसला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, बराच वेळ आठवून पाहिलं.

"आमाले काय मालूम गा," तो म्हणाला. "सिंधूबाईले सारं पाठ होतं न. तिलेच विचारून घ्याचं होतं."

"हो," आनंदराव म्हणाले. त्यांनी कपातला चहा संपवला, कप ओसरीच्या कडेला ठेवला, आणि कुहीची बस निघून जाईल म्हणून उठले.