चौकड्यांच्या कोटाचा केक

कोटाची बाही केकमध्ये वळवायची कशी, यावर मी आणि बेकरीवाला एक अख्खी दुपार भांडलो. त्याचं म्हणणं, बाही सरळ खाली सोडा, पाव भाजायच्या पत्र्यात मावेल. माझं म्हणणं, बाही कोपरात दुमडलेली आणि तिचं टोक खिशात गेलेलं हवं, कारण तो माणूस टीव्हीवर कधी हात बाहेर ठेवून उभाच राहत नाही. बेकरीवाला आजमगडकडचा. त्याने आयुष्यात टीव्ही पाहिला नव्हता.

"सेठ, कोट खाने की चीज़ है क्या? गुलाब बनाता हूँ. सब गुलाब बनवाते हैं."

"गुलाब तुझ्या लग्नात बनव," मी म्हणालो. "मला कोट पाहिजे. आणि भाव तू सांगशील तो."

यावर तो पीठ मळायचा थांबला. भिवंडीच्या बाजारात मी पहिला सांगितलेला भाव मान्य केला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. "तबियत ठीक है ना, सेठ?" त्याने खरोखर काळजीने विचारलं.

तबियत ठीक नव्हती. त्या केकवर माझी मुलगी मला परत मिळणार होती, निदान मी तसं धरून चाललो होतो.

बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. तेराव्याला माझा मेहुणा ठाण्याहून आला आणि जाताना म्हणाला, "चार दिवस हिला नेतो, भावजी. इथे यंत्रमागांच्या खडखडाटात पोर झोपायची नाही." मी हो म्हटलं. त्या चार दिवसांत त्याने तिला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. मला कळलं तेव्हा तिचा गणवेशही शिवून झाला होता. मी भांडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगा, तुमच्या नारपोलीत कुठली शाळा आहे अशी?" त्याचा आवाज कधी चढत नाही. शांत माणसाशी भांडणं मला जमत नाही. नारपोलीत दुसऱ्याच्या मागांवर कांड्यांवर सूत भरत मी वाढलो, तिथे शेजारच्याला हाक मारायची तरी ओरडावं लागतं. पुढे मी स्वतःचं कोरं कापड विकायला लागलो, गोदाम घेतलं, गोदामामागे दोन पक्क्या खोल्या बांधल्या. त्या खोल्या तिच्यासाठी होत्या. त्यात मी एकटा झोपत होतो.

दर रविवारी कशेळीचा पूल ओलांडून मी ठाण्याला जायचो आणि पाहुण्यासारखा खुर्चीत बसायचो. मुलगी समोर बसून शाळेतलं काहीबाही सांगायची, मग गप्प व्हायची. हसायची मात्र नाही. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, ते टीव्ही आल्यावर. टीव्हीवर आठवड्यातून एकदा एक विनोदी कार्यक्रम लागायचा. एक फिरता विक्रेता, अंगात त्याच्या मापाच्या दुप्पट मोठा चौकड्यांचा कोट. दारोदार जायचा. बाईने कंगवा मागितला की खिशातून वांगं निघायचं, साबण मागितला की निघायचा कुणाचा तरी बूट. शेवटी त्याला हाकलून द्यायचे आणि तो जिन्यावर बसून त्याच खिशातून भाकरी काढून खायचा. माझी मुलगी पोट धरून जमिनीवर लोळायची. मला आनंद झाला आणि त्या माणसाचा रागही आला. माझ्यासाठी ती एकदाही तशी हसली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी विषय काढला. पोरगी आठ वर्षांची होतेय, तिचा वाढदिवस मे महिन्यात, शाळा जूनमध्ये उघडेल. त्याआधी तिला घरी पाठवा. मेहुणा म्हणाला, "वाढदिवसाला मी तिला घेऊन येतो. ती स्वतः म्हणाली इथे राहते, तर मी अडवणार नाही. तिच्यावर सोडू." असा सौदा मी बाजारात कधीच केला नसता, ज्यात माल समोरच्याच्या ताब्यात आणि निवडही त्याने शिकवलेल्या पोरीची. पण माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी तिला विचारलं, "वाढदिवसाला काय आणू?" ती लगेच म्हणाली, "कोटाचा केक."

आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण आणि शिरा. केक ही ठाण्याची गोष्ट, पण मी ठरवलं, असा केक करायचा की ठाण्यानेही पाहिला नसेल.

माझे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडून मी खाकी कागदावर कोटाचा नमुना कापून घेतला. त्या नमुन्याखाली बेकरीवाल्याने तीन पत्र्यांतले केक जाम लावून जोडायचे आणि कडेने कापायचे. खिसे बिस्किटाचे, उघडे, आत लपवायला मी आणलेला, कागदात गुंडाळलेला छोटा कंगवा आणि साखरेचं वांगं. चौकड्यांवरून पुन्हा भांडण झालं. बेकरीवाला खिशावर वेगळ्या रेघा ओढत होता. मी सांगितलं, चांगल्या कोटात खिशाची चौकडी अंगाच्या चौकडीला जुळते, नाही जुळली तर शिंपी चोर. त्याने डोक्याला हात लावला, पण जुळवली.

राहिला रंग. टीव्हीवर सगळंच काळं-पांढरं. कोट राखाडी दिसायचा, त्यावर फिकट रेघा. मी मेहुण्याला विचारलं, "तिच्या मते कोटाचा रंग कोणता?" तो हसला. "तुम्ही कापडातले, भावजी. तुमच्यापेक्षा जास्त आम्हाला काय कळणार?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्याला माहीत होतं. त्याच्या घरात, आतल्या खोलीच्या भिंतीवर तिने काढलेलं त्या कोटाचं चित्र लावलेलं होतं, मी ते पुढे पाहिलं. पेन्सिलने घोटून घोटून राखाडी केलेलं.

मी मात्र माझ्या डोक्याने गेलो. आमचं आयुष्य बिनरंगाच्या कापडात जातं. मागावरून उतरलेलं कोरं थान पाहिलं की त्यावर कोणता रंग चढेल, हे मला आपोआप दिसतं. एका मागवाल्याच्या घरी लोक खिडकीत गर्दी करून टीव्ही बघायचे, तिथे मी दोनदा जाऊन उभा राहिलो. लोक हसत होते, मी कोट निरखत होतो. काळा असता तर घड्यांची सावली दिसली नसती. पिवळा असता तर जवळजवळ पांढरा दिसला असता. तांबडा त्या वयाचा माणूस घालणार नाही. म्हणजे हिरवा, बाटलीचा हिरवा, रेघा पिवळ्या. मला खात्री होती. आजही आहे.

वाढदिवस शुक्रवारी करायचं मीच ठरवलं, तारीख दोन दिवस पुढे ढकलून. शुक्रवारी भिवंडीचे माग बंद. तिला खडखडाट ऐकूच येऊ नये, असा माझा डाव. जवळच्या पूर्णा गावाहून माझी थोरली बहीण औक्षणाला आली. केक बघून ती म्हणाली, "ह्यो कुनाचा कोट रं? हिरवाकच्च! पोरीचं तोंड बी हिरवं व्हईल."

"तुला कळत न्हाय, अक्का. टीव्हीतला हाय."

"माज्या घरी टीवी न्हाय म्हनून बरी हाय मी," ती म्हणाली आणि निरांजन लावायला गेली.

मेहुणा मुलीला घेऊन टॅक्सीने आला. गल्ली शांत होती. मुलगी आजूबाजूला बघत म्हणाली, "बाबा, आज इथे आवाज नाही!" मला वाटलं, अर्धं जिंकलं. औक्षण झालं. मी केकवरची मलमल उचलली.

ती बघत राहिली. "हे काय आहे?"

"अगं, कोट! तुझ्या त्या माणसाचा."

"त्याचा असा नाहीये."

"असाच आहे. खिसे बघ, आत हात घाल."

तिने हात घातला नाही. "त्याचा हिरवा नाहीये, बाबा."

"मग कसला आहे?"

"तसाच. टीव्हीत आहे तसा."

मी समजावायला लागलो. टीव्हीत रंग येत नाहीत, खरा कोट कुठल्या तरी रंगाचा असणारच. गोदामातून कापडाचे तुकडे आणून तिच्यापुढे मांडले, हा बघ, हा असा दिसेल, हा तसा दिसेल. ती मामाकडे वळली. "मामा, तू सांग ना यांना."

"असू दे गं," मेहुणा म्हणाला. "बाबांनी प्रेमाने केलाय. गोड मानून घ्यायचं."

गोड मानून घ्यायचं! माझ्या घरात, माझ्या मुलीकडे, माझ्या वतीने तो माफी मागत होता. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला विचारलं होतं मी! तेव्हा तोंड शिवलं होतं काय? तुम्ही कापडातले म्हणून टोमणा मारलात आणि आता मोठेपणा करताय?" मी टेबलावर हात आपटला. मे महिन्यात डालड्याचं ते आयसिंग आधीच पाझरत होतं. एक खिसा सुटला आणि कंगवा जमिनीवर पडला.

मुलगी मेहुण्याच्या मागे गेली, त्याच्या शर्टाचं टोक धरून.

"नको रं वरडूस," अक्का म्हणाली. "पोर भेली."

मी पाणी प्यायलो. मुलगी पुढे आली, सुरी घेतली, बाहीचा तुकडा कापला आणि खाल्ला. मग दुसरा. तिची जीभ हिरवी झाली होती. "छान आहे, बाबा," ती म्हणाली. नको असलेल्या थानाला हात लावून गिऱ्हाईक असंच छान म्हणतं.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "राहतेस ना इथे? तुझ्या खोलीत टीव्ही घेतो. पुढच्याच महिन्यात."

"शाळा लांब पडेल."

"मग शाळा तिकडेच कर. मी रोज सोडीन, रोज आणीन."

ती मामाकडे न बघता म्हणाली, "पावसात पुलावर गाड्या अडकतात."

"बरं, जूनपर्यंत तरी. सुट्टी संपेपर्यंत."

"गणपतीला येईन ना मी."

"रविवारपर्यंत राहा. मीच सोडतो तुला रविवारी."

"उद्यापासून माग सुरू होतील ना, बाबा?" तिने विचारलं. हे तिला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. मेहुण्याने घड्याळाकडे पाहिलं. आयुष्यभर मी समोरच्याला पायरी पायरीने खाली आणत आलो. त्या दिवशी मीच उतरत होतो आणि समोर आठ वर्षांची पोर होती, एकेक उत्तर हळू, न दुखावता देणारी.

"निदान जेवून जा," मी म्हणालो. "अक्काने तुझ्यासाठी कोलंबी केलीय."

तिने अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोट भरलंय, बाबा. केक खाल्ला ना मी."