ढवळलेला चहा

उब्बो फ्रेरिक्सला जगात तीन गोष्टींची शिसारी होती: बोअरमधून वर येणारा खारट, करडा राडा, शहरी मऊ हात आणि चहा ढवळणारा माणूस. त्या गुरुवारी तिन्ही एकाच टेबलाशी जमल्या. राडा त्याच्या स्वतःच्याच बुटांना होता, त्यामुळे त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

चौतीस वर्षं तो बोअरमध्ये केबल सोडत आला होता. केबलला कानांसारखी यंत्रं. ती खोल जमिनीखालच्या मिठाच्या थरात बोअरच्या कडेला घट्ट पकड घेऊन बसत. वर शेतात एक अवजड गाडी जमीन थरथरवायची. तो हादरा मिठातल्या पोकळीच्या भिंतीवर आपटून परतला, की भिंत किती जाड ते कळायचं. ही पोकळी विधवा टोमा आयलर्सच्या गोठ्याखालीच होती. सोमवारपासून तिच्यात कंपनीला साठवणीचा गॅस भरायचा होता; अडलं होतं ते फक्त उब्बोच्या सहीपाशी.

टोमाच्याच स्वयंपाकघरात कंपनीचे साहेब, भूगर्भशास्त्रातले डॉक्टर हाल्स्टाइन, कागद घेऊन बसले होते. टोमाने खडीसाखरेवर चहा ओतला, कडेने अलगद साय सोडली. साहेबांनी चमचा घातला आणि गरागरा फिरवला.

टोमाने डोळे मिटून घेतले. आधी साय, मग कडू, शेवटी तळाचं गोड, असा थराथराने प्यायचा चहा. या गृहस्थाने त्याचा चिखल केला.

"सरासरी अडतीस मीटर," साहेब म्हणाले. "उत्तम भिंत आहे. करा सही."

"नऊशे चाळीस मीटर खोलीवर अकराच आहे."

"एकाच जागी हो! यंत्राची पकड ढिली पडली असेल."

"साहेब, फुटक्या बादलीलाही भोक एकाच जागी असतं. बाकी बादली सरासरीने चांगलीच असते."

टोमा हसली नाही. "उब्बो, माझ्या गाई काय सरासरीवर उभ्या आहेत का रे?"

उब्बो उठला. "पकड सोडून पुन्हा आवळतो. तासभर लागेल."

"मला बाराला निघायचंय!"

"अहो, बसा. चहा कुठे झालाय तुमचा?" टोमाने किटली उचलली.

आता, तिथला रिवाज अगदी साधा. कपात चमचा ठेवला, की पुरे. बशीत ठेवला, की यजमानीण ओतत राहणार. साहेबांनी ढवळून झाल्यावर चमचा नीट पुसून बशीत ठेवला होता. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि उब्बोलाही सांगायची घाई नव्हती.

बाहेर गाडी थरथरू लागली. फडताळातले कप किणकिणले.

उब्बो परतला तेव्हा साहेब आठव्या कपाशी होते, गुडघ्याला गुडघा जुळवून. "नको म्हटलं की या बाई आणखी ओततात हो!"

"तीनदा मोजलं. अकरा, अकरा, साडेदहा. पकड पक्की होती." उब्बोने सरासरीवर आडवी रेघ ओढली, ‘नऊशे चाळीसला साडेदहा, गॅस भरू नये’ असं लिहिलं आणि सही ठोकली. "कंपनीतर्फे तुमची इथे, शेजारी."

"आधी संडास कुठे आहे ते सांगा!"

"आधी सही."

साहेबांनी सही केली आणि टोमाने दाखवलेल्या दाराकडे धाव घेतली.

मेलेला उंदीर उचलावा तसा उब्बोने त्यांचा चमचा दोन बोटांत धरला आणि कपात सोडला. "हा कप वेगळा धू, टोमा."

"धुते. चहा मांजरीला ओतते."

"मांजरीने काय पाप केलंय?"