ब्रेलच्या खोलीतला दिवा

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की अजूनही माझे तळहात ओले होतात. हिंगोलीतल्या त्या वाचनालयात ब्रेलची जाडजूड पुस्तकं मागच्या खोलीत, गोळ्या टाकलेल्या कपाटात असायची. एका शनिवारी मी तिथंच खाली बसून वाचत होते आणि अचानक दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. उद्या रविवार, फोन पुढच्या टेबलावर चार्जिंगला, आणि बाळापूरला घरी कुणालाच ठाऊक नाही की मी इथं आलेय. मी दार बडवत ओरडले, पण बाहेरचं शटर करकरत खाली येऊ लागलं, त्यात माझा आवाज बुडाला. मग शटर मध्येच थांबलं. धावती पावलं, कुलूप, आणि धापा टाकणारे ग्रंथपाल. "अवो ताई, पायरीवर चपला दिसल्या म्हून कळलं! आत अंधार, मला वाटलं कोनीच न्हाई. लाईट काहून न्हाई लावला?" मी खाली पडलेलं पुस्तक उचललं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत सुटलेली ओळ शोधली. आता कुठल्याही खोलीत गेले की मी आधी भिंत चाचपून दिवा लावते. मला तो लागत नाही. मी आत आहे, हे बाकीच्यांना दिसावं म्हणून लागतो.