आठ गाळ्यांचे सेक्रेटरी

परबकाका गाळ्याचं शटर उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायचे. आत त्यांचंच कपाट, त्यांचीच शिलाई मशीन आणि त्यांचाच बंद फ्रिज. कुणी 'या' म्हणणार नव्हतं. तरी ते क्षणभर थांबायचे, चपला बाहेर काढायचे आणि मगच कुलपाला हात लावायचे. गोदामाच्या मॅनेजरने एकदा न राहवून कारण विचारलं, तर म्हणाले, "घरात शिरायची सवय मोडली की माणूस जंगली होतो."

घाटकोपरची आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा आम्ही आठ कुटुंबं कळवा, डोंबिवली, मुलुंड अशी जिथे जागा मिळेल तिथे पांगलो. भाड्याच्या खोल्यांत न मावणारं सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून काकांनी सोडवला. भांडुपला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये पत्र्याचे गाळे भाड्याने मिळत होते. चार खाली, चार वर, आणि वरच्यांसाठी चाकांची लोखंडी शिडी. काकांनी आठही गाळे एका रांगेत घेतले आणि इमारतीत जो ज्याच्या डोक्यावर राहायचा, तो इथेही त्याच्याच डोक्यावर येईल अशी वाटणी केली. प्रत्येक गाळ्याची एक किल्ली अडीअडचणीला म्हणून स्वतःकडे ठेवून घेतली. मला हे सगळं खुळ्यासारखं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. काका चिडले की सरळ मालवणीवर यायचे. "घर मोडूक नाय गो, घडी घालून ठेवलाहा. घडी चुकली तर उघडताना वाट लागतली."

औषधांच्या कंपनीत आयुष्यभर स्टोअरकीपर राहिलेला माणूस तो. दहा बाय दहाच्या जमिनीवर त्यांनी खडूने हॉल, स्वयंपाकघर आणि मोरी आखली होती. एकदा मी सरळ चालत त्यांच्या फ्रिजपाशी गेले, तर ओरडले, "भिंतीतून काय येतेस? दार तिकडे आहे." सांगायला लाज वाटते, पण मी मागे फिरले आणि दारातून आले.

त्यांच्या वरचा गाळा कांबळेबाईंचा. बाई म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. इमारतीत त्यांच्या मोरीची गळती काकांच्या छतातून व्हायची. इथे बाईंची लोणच्याची बरणी फुटली आणि तेल पत्र्याच्या फटीतून काकांच्या कपाटावर ठिबकलं. काका जवळजवळ खूश झाले. त्यांनी सभासद या नात्याने सेक्रेटरींकडे, म्हणजे स्वतःकडेच, गळतीची लेखी तक्रार केली. सेक्रेटरी या नात्याने शिक्का मारून पोच दिली. पंधरा दिवसांनी सेक्रेटरी काहीच हालचाल करत नाहीत, अशी दुसरी तक्रार केली. बाईंनी दोन्ही कागद वाचले, खाली लाल पेनने 'पाहिले' लिहून सही ठोकली आणि परत पाठवले.

दर रविवारी दहा वाजता सगळ्यांनी सामान लावायला यायचं, हा काकांचा नियम. आणि लावण्यासारखं काहीतरी असायचंच. मागच्या रविवारी नीट रचलेले डबे आडवे पडलेले, साळवींची इस्त्री आमच्या ट्रंकेवर, आमचा पाट बाईंच्या पुस्तकांत. शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन ठरलेला. "उंदीर शिरलेत. उद्या या." मग रविवारी कोणाचं काय कुठे गेलं यावरून तासभर भांडणं व्हायची, त्यानंतर थर्मासमधला चहा आणि पोहे, आणि दुपारपर्यंत शेडमधल्या बोळात आमची अख्खी इमारत बसलेली असायची.

एका बुधवारी आईच्या पेन्शनचा कागद हवा होता म्हणून मी एकटीच गेले. आमचं शटर उघडं होतं. आत परबकाका स्टुलावर उभे, आईचा कुकर काखेत धरून. मला बघून त्यांनी आधी उंदरांबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मग स्टुलावरच बसले.

"सामान एकदा नीट लागला की परत कोण येता गो?" ते म्हणाले. "आणि माणसा पांगली की एकेकाक गाठून सही घेतत."

बिल्डरला आमची घाटकोपरची जागा मोकळी हवी होती आणि आम्हाला कल्याणच्या पलीकडे धाडायचं होतं. आठही सह्या मिळाल्याशिवाय ते जमणार नव्हतं. काकांना त्याच जागेवर, त्याच सात घरांबरोबर परत जायचं होतं, बाकी काही नको होतं. मी मात्र भयंकर चिडले. वर्षभर माझे रविवार या माणसाने खाल्ले होते. दोन मिनिटं मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते कुकर पोटाशी धरून ऐकून घेत राहिले. मग मी कुकरचं झाकणही त्यांच्या हातात दिलं.

दोनेक महिन्यांनी व्हायचं ते झालंच. रविवारी इस्त्री शोधता शोधता साळवी सहज म्हणाले, "तुम्ही सातही जणांनी सही केलीत ना? मीच राहिलोय म्हणे." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बिल्डरकडून प्रत्येकाला हेच सांगण्यात आलं होतं. काकांनी तिथूनच बिल्डरच्या माणसाला फोन केला आणि चहाला बोलावलं. तो आला. काकांनी त्याला बूट काढायला लावले, हॉलमध्ये बसवलं आणि बाहेर बोळात बघत म्हणाले, "आठही घरं हजर आहेत. आता वाचा, कोणाकोणाची सही आहे?" त्याने फाइल उघडलीच नाही. घाईघाईने उठून मोज्यांवरच निघाला, तर काकांनी त्याला भिंतीतून जाऊ दिलं नाही.

काका गेल्या फेब्रुवारीत गेले. झोपेतच, कळव्याच्या भाड्याच्या खोलीत. त्या जागेला ते शेवटपर्यंत घर म्हणाले नाहीत. मी माझ्या वडिलांसाठी रडले नव्हते तेवढी त्यांच्यासाठी रडले.

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे भांडुपला जमलो. शटरं उघडली. सगळं सामान जागच्या जागी होतं. दहा मिनिटं उभे राहिलो आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी तीनच घरं आली. त्या आठवड्यात साळवींना बिल्डरच्या माणसाचा फोन येऊन गेल्याचं कळलं.

काकांच्या मुलाकडून मी किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. बुधवारी रजा टाकली, शिडी ढकलत ढकलत आठही गाळे फिरले आणि होतं नव्हतं ते इकडचं तिकडे केलं. शनिवारी सगळ्यांना फोन केला, उंदीर शिरलेत म्हणून.

रविवारी आठही घरं आली, काकांच्या मुलासकट. कांबळेबाईंनी आपल्या गाळ्यात नजर फिरवली, शिडीवरून हळूहळू खाली उतरल्या आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, उंदीर डाळ सांडून डब्याला परत झाकण लावतो का? परब निदान झाकण उघडं टाकायचे."

मी कसंबसं विचारलं, त्यांना कधीपासून माहीत होतं.

"पहिल्या महिन्यापासून. सगळ्यांनाच माहीत होतं, साळवींनासुद्धा. तुला काय वाटलं, आम्ही सामानासाठी यायचो? पण यायला काहीतरी निमित्त लागतं ना."

एवढं बोलून बाईंनी पदर खोचला आणि त्यांचं पातेलं साळवींच्या गाळ्यात गेलंच कसं, यावरून साळवींशी कडाक्याचं भांडण सुरू केलं.