बसा म्हणायचं राहून गेलं

बागासने कुणाला हातही लावला नव्हता, तरी त्याच्यामुळे एक मुलगी पडली आणि तिच्या हनुवटीला तीन टाके पडले.

जावातून परदेशात, गिमारास बेटावर, चार आठवडे शिकवण्याचा सराव करायला आलेला हा पोरगा. वर्गावर एकट्याने उभं राहायची ती त्याची पहिलीच सकाळ. दुसरीची अठ्ठावीस मुलं धडाधड उठली आणि एका सुरात "गुड मॉर्निंग, सर बागास" म्हणाली. बागासही म्हणाला आणि फळ्याकडे वळला. त्याच्या गावी पुढचं काम मॉनिटरचं. तो 'बसा' ओरडतो, मुलं बसतात, गुरुजींचा त्यात संबंधच नाही. इथे गुरुजींनी 'बसा' म्हटल्याशिवाय कुणी बाकाला टेकत नाही. बागास बिचारा समजला, पाहुण्याचा मान ठेवताहेत. त्यामुळे त्याला आणखीच चेव आला. बारा मिनिटं तो बेरीज शिकवत राहिला आणि बारा मिनिटं वर्ग उभा राहिला. मग पहिल्या बाकावरची चेरीलिन आवाज न करता खाली गेली. आवाज झाला तो हनुवटी बाकावर आपटल्याचा.

वर्गाच्या मूळ बाई, प्रेसिंग मॅम, मागच्या पडवीत होत्या. पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत त्या आत आल्या, मुलीला उचललं आणि वर्गाला म्हणाल्या, "बसा." अठ्ठावीसातली सत्तावीस धपकन बसली.

तीनचाकीतून दवाखान्यात जाताना बागासला रडू आवरेना.

"मॅम, मला वाटलं, मान देताहेत."

"बारा मिनिटं? एवढा मान इथे बिशपलासुद्धा मिळत नाही, तोतो."

तोतो म्हणजे पोरा. चौसष्ट वर्षांच्या मॅमना सगळं गाव तोतोच वाटे, अगदी सरपंचसुद्धा. तो दुसरीत त्यांच्याच हाताखालून गेलेला.

चेरीलिनची आई, नेनिता, आंब्याच्या बागेतून धावत आली. फळांना वर्तमानपत्राच्या पिशव्या चढवून तिचे हात शाईने काळे झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं हिनं?" नेनिता जमिनीकडे बघायला लागली. तेवढ्यात मॅम मोठ्याने म्हणाल्या, "माझी चूक झाली गं नेनिता. मी वर्ग सोडून मागे गेले." बागासने तोंड उघडलं, तर त्याच्या पायावर मॅमचा पाय पडला, आणि मॅम काही किडकिडीत नव्हत्या.

परतताना त्याने विचारलं, "चूक माझी होती. तुम्ही का घेतलीत?"

"अर्धी माझी होतीच. तुला सांगायचं राहिलं. अडतीस वर्षांत कुणाला सांगायची वेळ आली नाही."

सांगायचं ते असं. मुलं उठली की मॅम लगेच बसवत नसत. रांगांमधून एक फेरी मारत. कुणाची नखं बघ, कुणाची कॉलर नीट कर, असं वरवर चाललेलं असे. नजर मात्र वेगळंच शोधत असे. बाकाची कड घट्ट धरलेली बोटं, पांढरे पडलेले ओठ, सकाळी आठला येणारी जांभई. असं काही दिसलं की म्हणत, "इंदाय, मागे जाऊन भांडं घास बरं." इंदाय म्हणजे पोरी. पडवीत भांडं कधीच घासायचं नसे. आलं घातलेल्या लुगावाचं, म्हणजे तांदळाच्या पेजेचं, पातेलं चुलीवर असे. मूल गरम पेज पिऊन तोंड पुसत परत येई आणि भांडं घासल्याबद्दल शाबासकी घेई. त्यानंतर बाकीच्यांना 'बसा'.

"सरळ विचारत का नाही, जेवलात का म्हणून?"

"सगळी हो म्हणतात. पहिल्या दोन वर्षांत मी विचारायची." एवढं बोलून मॅम बाहेर बघायला लागल्या. "तेव्हा एक पोरगी सरळ उभी राहीना. मला वाटलं, माजली आहे. मी तिला उन्हात उभी केली."

बागास म्हणाला, "भूक मला कळते, मॅम. मी रोजे धरतो."

"तुझ्या भुकेला माहीत असतं सूर्य कधी मावळणार ते. चेरीलिनच्या भुकेला ते माहीत नसतं."

पुढचे तीन आठवडे तो मॅमच्या मागे मागे रांगांतून फिरला. दहा मुलांत त्याला एक सापडे, मॅमना तीन. "डोळे आहेत की आंब्याच्या कोयी?" मॅम म्हणत. तो हसे, पण मनात दिवस मोजत राही. कारण शेवटच्या शुक्रवारी परीक्षेचा पाठ होता. निम्मे गुण कॉलेजच्या डॉक्टर पाल्मांच्या हातात, निम्मे मॅमच्या. त्यात नापास झाला की परत जाऊन अख्खं सत्र पुन्हा, आणि घरी बापाची मीटबॉलची गाडी आधीच मुलाच्या शिक्षणापायी कुरकुरत होती.

डॉक्टर पाल्मा घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसल्या. चाळीस मिनिटांच्या टाचणात अभिवादनाला एक मिनिट दिलेलं. बागासने रात्री जागून पुठ्ठ्याचे पिवळे आंबे कापले होते, अर्धा आणि पाव शिकवायला.

वर्ग उठला. "गुड मॉर्निंग, सर बागास."

'बसा' ओठांवर आलं होतं. पाल्मांच्या घड्याळाचा काटा चालला होता. बागासने पुठ्ठ्याचे आंबे टेबलावर ठेवले आणि तो रांगेत शिरला.

सर्वांत आधी तो चेरीलिनपाशी थांबला. टाके निघाले होते, हनुवटीवर गुलाबी रेघ राहिली होती. पोरगी झेंड्याच्या काठीसारखी ताठ, हात बाकापासून दूर. त्याच्याकडे बघून ती हसली. त्याचा जीव भांड्यात पडला. पुढे जॉनलिनची बोटं बाकाला चिकटलेली दिसली, खिडकीशी रोसेलची जांभई दिसली. "दोघी मागे जाऊन भांडं घासा बरं." फेरी पूर्ण केली, मग म्हणाला, "बसा." सहा मिनिटं गेली होती. अर्धा आंबा झाला, पाव आंबा सुरू झाला आणि घंटा वाजली.

पाल्मांनी 'पाठ अपूर्ण' असं लिहिलं, काठावरचे गुण दिले आणि कागद मॅमकडे सरकवला. मॅमनी आपले गुण भरले, सही केली, कागद बागासच्या हातात दिला आणि पडवीत निघून गेल्या.

त्याने बेरीज केली. पास होता. मॅमनी पैकीच्या पैकी दिले होते. फक्त शेऱ्याचा रकाना कोरा होता.

तो कागद घेऊन पडवीत गेला. पातेलं रिकामं झालं होतं. मॅम उकिडव्या बसून पेजेचे वाडगे विसळत होत्या. त्याने दोघींना पाठवलं होतं. वाडगे तीन होते.

"मॅम," तो म्हणाला, "शेरा लिहायचा राहिला."

मॅमनी शेवटचा वाडगा उपडा घातला.

"हा चेरीलिनचा. ताठ उभं राहून भूक लपवायला शिकली आहे ती."