गव्यांच्या रानात चांगभलं

राम राम मंडळी. चार दिवसांच्या सुट्टीवर बडोद्याहून घरी आलोय. आज सकाळी मलकापूरवरनं वर राष्ट्रीय उद्यानात गेलतो, रीतसर परवाना काढून.

याच जंगलात आमचं जुनं गाव होतं. उद्यान झालं तेव्हा उठवलं. माझा जन्म नव्या वसाहतीतला. वडील शेवटपर्यंत म्हणत होते, "एकदा आपल्या देवाला चांगभलं म्हणून ये."

संगं माझ्याच वयाचा वाटाड्या होता. त्यानं प्लास्टिक गेटवरच ठेवायला लावलं. आवाज करायचा न्हाई, हेबी सांगितलं. सगळं ऐकलं मी. पण पडक्या देवळासमोर उभा राहिलो आणि तोंडातनं मोठ्यानं निघालंच, "चांगभलं!"

आमच्यात एकानं म्हटलं की दहाजण ओ देतात. इथं कुणीच नाही. पलीकडं चरणारे गवे तेवढे उधळले. एक वासरू मागं राहिलं आणि सैरभैर पळायला लागलं.

"ओ पावणं! जत्रा हाय व्हय ही?" वाटाड्या दबक्या आवाजात खेकसला.

लई लाज वाटली. म्हटलं, "चुकलं. बापाचं राहिलं होतं."

वासरू आईजवळ पोचेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही. मग त्यानं टोपी काढली आणि कानात सांगावं तसं म्हणाला, "चांगभलं."

मंडळी, जंगलात जाल तेव्हा आवाज बारीक ठेवा. देवाला तेवढं पुरतं.

परवा मी परत चाललो. तिकडं एका खोलीत आठजण राहतो, पण आपलं बोलणारं कुणी न्हाई. बडोद्याकडं आपल्यातलं कोण हाय काय?