न थांबणारं सूत्र

चारुशीला गजभिये एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. नोकरी कंत्राटी, पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेनं सांगून ठेवलेलं. प्रबंध दाखल झाला होता, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते आणि मेच्या अखेरीस तोंडी परीक्षा ठरली होती. धाकटा भाऊ विक्की विहारात सत्काराचं बोलूनही आला. वस्तीतली पहिली डॉक्टर म्हणून.

वडील आनंदराव एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त. तू नेमकं काय करून राहिली, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, लांबलचक सूत्र घ्यायचं अन् ठरलेल्या नियमांनी सोपं करत जायचं. माह्या नियमांनी केलं तर ते काम कधी ना कधी थांबतेच, हे मी सिद्ध केलं."

"अन् नाही थांबलं तर?"

"तर कॉम्प्युटर फिरतच राहते."

"म्हणजे ब्रेक लागनारच, याची गॅरंटी," आनंदराव म्हणाले. त्यांना ते पटलं होतं.

परीक्षेच्या तयारीत तिनं आपली सगळी सिद्धता, गणिती सिद्धता तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरला शिकवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षकांवर छाप पडेल एवढाच हेतू. या सॉफ्टवेअरला प्रत्येक पायरीचं कारण द्यावं लागतं. तिच्या सिद्धतेचा गाभा साधा होता : प्रत्येक सूत्राला एक वजन, आणि नियम लावला की ते घटतं. घटत घटत शेवटी थांबणारच. एका नियमात मात्र सूत्राच्या एका तुकड्याची नक्कल होऊन तो दोन जागी उतरायचा. तिथेही वजन घटतं, 'हे उघड आहे', असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं.

सॉफ्टवेअर तिथे अडलं ते अडलंच.

आधी तिला वाटलं, आपल्यालाच ते नीट वापरता येत नाही. कूलरसमोर बसून दुपारच्या दुपारी ती झगडली. वजन मोजायची पद्धत बदलली, तर दुसरा नियम मोडला. तो सावरला, तर पुन्हा पहिला. जेवणावरून मन उडालं. शेवटी तिनं मुद्दाम एक वाईट सूत्र रचलं : ज्या तुकड्याची नक्कल व्हायची, त्याच्याच पोटात नक्कल करणारं चिन्ह. नियम लावत गेली. थोड्याच पायऱ्यांत तेच सूत्र, शेपूट वाढलेलं, पुन्हा समोर उभं राहिलं; म्हणजे हे काम कधीच थांबणार नव्हतं. आपली कुठेतरी चूक सापडावी म्हणून तिनं ते पुन्हा पुन्हा केलं. चूक नव्हती. तो कागद घडी करून तिनं पर्समध्ये टाकला आणि मॅडमचं घर गाठलं.

हिमानी मॅडम तिच्या मार्गदर्शक, धरमपेठेत राहायच्या. त्यांनी कागद दोनदा तपासला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही मॅडम."

"मग परीक्षा होऊ दे. दुरुस्ती मागून छापू."

"प्रमेयच खोटं आहे, मॅडम. दुरुस्त काय करणार?"

"तुझ्या नोंदणीची मुदत संपतेय, चारुशीला. मागे घेतलंस तर सगळं पहिल्यापासून. आणि प्रबंधावर माझंही नाव आहे."

ती गप्प राहायचं ठरवूनच परीक्षेला गेली. मागच्या रांगेत आनंदराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी विक्की. सुरुवात बरी झाली. मग परीक्षक सहज म्हणाले, "आता मुख्य प्रमेय सांगा."

तिनं ते फळ्यावर लिहिलं. खडू खाली ठेवला. मग ती परीक्षकांकडे वळली.

"सर," ती म्हणाली, "हे खोटं आहे."

मग तिनं ते वाईट सूत्र फळ्यावर लिहिलं आणि एकेक नियम लावत गेली. परीक्षक बोट फिरवत पायऱ्या तपासत राहिले. "बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. हिमानी मॅडमनी मान खाली घातली होती.

बाहेर व्हरांड्यात आनंदरावांनी तिचा दंड धरला. "काहून वं? त्यायले तं काहीच मालूम नव्हतं."

"मले मालूम होतं ना, बाबा."

"मंग आमचं काय?" असं म्हणून ते पायरीवर बसले. विक्की गाडी काढायला निघून गेला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

पदवी गेली. जूनमध्ये कंत्राट पुढे वाढलं नाही. हिमानी मॅडम फोन उचलेनाशा झाल्या. आता ती एका कोचिंग क्लासमध्ये बारावीचं गणित शिकवते. मोकळ्या वेळात नक्कल करणाऱ्या नियमावर एखादी अट घालून पाहते. अट सैल असली तर सूत्र पळत सुटतं, आणि कडक असली तर नियमांत दम राहत नाही. नव्यानं नोंदणी करायची तर मार्गदर्शक हवा. मागच्या आठवड्यात तिनं ज्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी तिचं नाव ऐकून थोडा विचार केला आणि सध्या जागा नाही असं सांगितलं.